१ पेत्र ५:८ : 'सावध असा' आणि 'जागे राहा', ग्रीकमध्ये हे दोन शब्द वेगळे का?

अर्धविराम
नमस्कार. आमच्या बायबल अभ्यासगटात पेत्राचं पहिलं पत्र चालू आहे आणि पाचव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर गाडं अडलंय. वचन बहुतेकांना पाठ असतं : सावध असा, जागे राहा, तुमचा शत्रू सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळावं हे शोधत फिरतो.

वाद पहिल्या दोन आज्ञांवरून आहे. एक पक्ष म्हणतो, दोन्हींचा अर्थ एकच, मनावर ठसावं म्हणून दोनदा सांगितलंय. दुसरा पक्ष म्हणतो, पहिला शब्द दारूबद्दल आणि दुसरा झोपेबद्दल. मी शब्दसूची उघडली. पहिला 'नेफो', दुसरा 'ग्रेगोरेओ'. नेफोपुढे 'नशेत नसणे', ग्रेगोरेओपुढे 'जागे असणे'. एवढ्यावर समाधान होईना. ज्यांना हे पत्र पहिल्यांदा वाचून दाखवलं गेलं त्यांच्या कानाला यात काय वेगळं लागलं असेल?

मला ही नुसती पुनरुक्ती वाटत नाही. पण हे मत झालं, पुरावा नव्हे. जाणकारांनी लिहावं.

शंकासुर
मी पहिल्या पक्षात. मूळ ग्रीक मोठ्यानं म्हणून बघा : नेप्साते, ग्रेगोरेसाते. दोन्हींचा शेवट सारखा, मध्ये 'आणि' नाही, आणि लगेच सिंह. आजच्या अभ्यासकांच्या ग्रीक पाठात पुढे 'कारण' सुद्धा नाही, ते नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांत येतं. हा वक्तृत्वाचा झटका आहे. आपणही 'थांब, ऐक' म्हणतो तेव्हा थांबण्याची आणि ऐकण्याची वेगवेगळी व्याख्या देत नाही. उगाच शब्दांचा कीस पाडू नये.

कानामात्रा
आधी एक सांगा, नेफो की नीफो? मी एका व्याख्यानात 'नीप्सिस' ऐकलं होतं, मला वाटलं तो वेगळाच शब्द.

धातुरूप
@कानामात्रा, एकच. महाविद्यालयांत बहुधा इरॅस्मसच्या नावानं ओळखली जाणारी उच्चारपद्धत शिकवतात, तिच्यात नेफो. आजचे ग्रीक लोक नीफो म्हणतात. पेत्राच्या काळात तो 'ए' हळूहळू 'ई'कडे सरकत होता. दोन्ही चालतं, फक्त एका वाक्यात दोन पद्धती नकोत.

आता मूळ प्रश्न.

नेफोचा साधा, रोजचा अर्थ 'दारू न प्यालेला असणे'. हाच धातू पूर्वप्रत्यय लावून जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात येतो तेव्हा अर्थ अगदी रोखठोक आहे : नोहाची द्राक्षारसाची धुंदी उतरली (उत्पत्ती ९:२४), नाबालाची उतरली (१ शमुवेल २५:३७). 'धुंदी उतरून भानावर येणे'. नव्या करारात साधा नेफो सहाच वेळा आहे, त्यातला अर्धा वाटा या एका पत्राचा : १:१३, ४:७ आणि ५:८. ४:७ मध्ये तर प्रार्थनेसाठी नेफो करा म्हटलंय. म्हणजे दारूवरून उचललेला शब्द मनाला लावलाय. मराठीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'शुद्धीवर असणे'. 'सावध' वाईट नाही, पण त्यात दारूचा वास राहत नाही.

ग्रेगोरेओ नव्या करारात वीसहून जास्त वेळा येतो. 'एगेइरो' म्हणजे उठवणे, जागं करणे. त्याच्या भूतकाळी रूपाचा अर्थ 'जागा झालेला आहे, म्हणून जागा आहे'. लोकांनी बोलता बोलता त्या रूपावरून नवाच धातू तयार केला. दुसऱ्या शतकातला फ्रिनिखुस नावाचा शुद्ध ग्रीकचा कैवारी या शब्दावर नाक मुरडतो. म्हणजे हा पोथीतला नाही, बाजारातला शब्द.

ग्रेगरी हे नाव याच धातूवरून आलं, हे जाता जाता.

वाचनवेल
वा! म्हणजे एगेइरो हाच पुनरुत्थानासाठी वापरलेला शब्द ना? याच पत्रात १:२१ ला 'देवानं त्याला मेलेल्यांतून उठवलं' आहे. मग 'जागे राहा' म्हणजे 'पुनरुत्थान झालेल्यांसारखे राहा' असा अर्थ निघतो! आमच्याकडे एका उपदेशात आणखी एक ऐकलं होतं. लूक २१:३६ मध्ये जागण्यासाठी तिसराच शब्द आहे, 'अग्रुप्नेओ'. त्याचा मूळ अर्थ म्हणे 'झोपेची शिकार करणे'. झोप आपल्याला पकडायच्या आत आपण झोपेला पकडायचं. ते ऐकल्यापासून मी ते वचन विसरले नाही.

शंकासुर
झालं सुरू. शिकार काय, पुनरुत्थान काय.

धातुरूप
@वाचनवेल ताई, उपदेश लक्षात राहिला हे चांगलंच, पण जरा जपून. अग्रुप्नेओच्या शेवटी 'हुप्नोस' म्हणजे झोप आहे, इतकं नक्की. पुढच्या तुकड्याबद्दल एकमत नाही. कोणी तो नकारार्थी 'अ' मानतं, कोणी शिकारीशी जोडतं, कोणी 'अग्रोस' म्हणजे शेत-रान धरून 'उघड्यावर निजणारा' असं सांगतं. तीन वाटा, आणि वापरणाऱ्याच्या डोक्यात बहुधा एकही नसते. कोणी 'सावध' म्हणालं की आपल्या मनात 'स' आणि 'अवधान' असा विग्रह होतो का?

जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकानं १९६१ साली नेमक्या याच खोडीवर पुस्तक लिहिलं : शब्दाचा इतिहास म्हणजे वाक्यातला अर्थ नव्हे. एगेइरोशी नातं आहे म्हणून प्रत्येक ग्रेगोरेओत पुनरुत्थान शोधायचं नसतं.

उदाहरण पौलाकडेच आहे. १ थेस्सलनीका ५:६ मध्ये तो म्हणतो, इतरांसारखं झोपू नका, जागे राहा. तिथे झोपणं म्हणजे बेफिकीर असणं. चारच वचनांनंतर, ५:१० मध्ये, तेच दोन धातू : 'आपण जागे असलो किंवा झोपलेले असलो तरी त्याच्याबरोबर जिवंत असावं.' इथे जागे म्हणजे जिवंत आणि झोपलेले म्हणजे मेलेले, असं बहुतेक भाष्यकार धरतात. नाहीतर 'बेफिकीर असलात तरी चालेल' असा अर्थ होईल आणि पौलाचं सहावं वचन पाण्यात जाईल. धातू तोच, अर्थ संदर्भानं फिरला.

वाचनवेल
पटलं. शिकार मात्र मी मनातल्या मनात ठेवणार!

रात्रपाळी
मी रुग्णालयात परिचारिका आहे, रात्रपाळी नेहमीची. ग्रीक शून्य. पण 'जागणं' या विषयावर थोडा अधिकार आहे.

लोकांना वाटतं रात्री जागणं म्हणजे डोळे ताणून बसणं. तसं बसणारा पहाटेपर्यंत निकामी होतो. मन इतकं शिणतं की यंत्राचा गजर वाजतोय हे कानाला कळतं आणि हात उचलत नाही. टिकतात त्या फेऱ्या मारणाऱ्या. ठरलेल्या वेळी उठायचं, प्रत्येक खाटेपाशी जायचं, नोंद करायची, परत यायचं. मधल्या वेळात शांत बसलं तरी चालतं. आणि पाळी बदलताना पुढच्या व्यक्तीला सगळं नीट सांगून सोपवायचं. एकटीनं अख्खी रात्र सांभाळायची हा हट्ट धोक्याचा.

दुसरं, जागं असणं आणि भानावर असणं यात फरक आहे. सलग पाळ्या झाल्या की माणूस उभा असतो, चालतो, उत्तरं देतो, पण औषधाची चिठ्ठी दोनदा वाचूनही डोक्यात जात नाही. डोळे उघडे, शुद्ध अर्धी. म्हणून मला तरी दोन शब्द लागतातच. शंकासुरभाऊ, तुम्ही एक पाळी करून बघा.

शंकासुर
ताई, या मुद्द्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण तो तुमच्या अनुभवाचा आहे, पेत्राच्या मनातला आहे हे कशावरून?

तेलाची_कुपी
मत्तय २५ चे, दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचे दाखले देऊन आम्हाला लहानपणापासून जागवलंय. नीट वाचा, पाचव्या वचनात दहाच्या दहा पेंगल्या आणि झोपल्या! शहाण्यासुद्धा. आणि दाखला संपतो कशानं? 'म्हणून जागे राहा.' शहाण्यांचं शहाणपण जागण्यात नव्हतंच, जादा तेल घेण्यात होतं. मूर्खांनी नमनालाच घडाभर तेल जाळलं आणि मध्यरात्री बोंब.

धातुरूप
@तेलाची_कुपी, हा मुद्दा विनोदात उडवण्यासारखा नाही, फार मोलाचा आहे. ग्रेगोरेओ म्हणजे झोप न घेणं असतं तर या दाखल्याचा शेवट त्याच्याच गोष्टीला खोटं पाडतो. तिथे अर्थ 'तयारीत असणं' हाच.

अग्रुप्नेओची तऱ्हा जरा निराळी. तो नव्या करारात चारदाच येतो, आणि त्याचं नाम 'अग्रुप्निया' दोनदा, दोन्ही वेळा करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात. ११:२७ मध्ये पौल तहान, भूक, थंडी, उघडेपण यांच्या ओळीत ते घालतो. तिथे कसलीही अध्यात्माची झालर नाही, सरळ सरळ जागरणं.

खट्याळ_खार
प्रेषितांची कृत्ये २० कोणी काढलं कसं नाही? पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, खिडकीत बसलेल्या युतुखाला गाढ झोप लागली, आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. त्याच अध्यायात पुढे (२०:३१) पौल इफिसच्या वडिलांना 'ग्रेगोरेइते', जागे राहा, म्हणून बजावतो. अनुभवाचे बोल!

निवांत
युतुख आमचा कुलपुरुष. उपदेशाच्या वेळी शेवटच्या बाकावर आम्हा सगळ्यांची शाखा भरते.

पण मला थोडं गंभीर लिहायचंय. हे वचन मला लहानपणापासून घाबरवत आलंय. झोपायच्या आधी घरात ते म्हटलं जायचं आणि मी पांघरुणात डोकं खुपसून सिंहाची वाट बघायचे. मोठी झाल्यावर सिंह गेला, पण सतत स्वतःवर पहारा ठेवायची सवय लागली. मनात आलेला प्रत्येक विचार तपासायचा, हा कुठून आला, यात काही फट राहिली का. त्याला मी बरीच वर्षं आध्यात्मिक जागृती समजत होते. समुपदेशकानं त्याला वेगळं नाव दिलं. आता वरचं सगळं वाचताना प्रश्न पडतो, हे दोन ग्रीक शब्द खरंच असल्या जागण्याबद्दल आहेत का?

रात्रपाळी
@निवांत, तुमचं वर्णन वाचून मला खाटेपाशी रात्रभर डोळे ताणून बसलेल्या नातेवाइकांची आठवण झाली. त्यांना आम्ही सांगतो, तुम्ही झोपा, आम्ही आहोत.

अर्धविराम
@निवांत, लिहिल्याबद्दल आभार. आमच्या गटातही एकीनं हेच विचारलं होतं आणि कोणाला उत्तर सुचलं नव्हतं. धातुरूप, आधीच्या सातव्या वचनाचं काय?

धातुरूप
सातवं वचन हाच उलगडा आहे असं मला वाटतं. 'तुमची सगळी चिंता त्याच्यावर टाका, कारण त्याला तुमची काळजी आहे.' इथे 'टाकणे' यासाठी जो धातू आहे तो नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी सापडतो : लूक १९:३५, शिष्य आपली वस्त्रं शिंगरावर टाकतात तिथे. अंगावरचं काढून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायचं. हे झाल्यावर मग आठवं वचन येतं. चिंता खांद्यावर घेऊन पहाऱ्याला उभं राहायला पेत्र सांगतच नाही.

सिंहाबद्दल : 'गिळावं' यासाठी जो धातू आहे तो 'कातापिनो', गिळून टाकणे. २ करिंथ २:७ मध्ये पौल तोच धातू एका पश्चात्तापी माणसाबद्दल वापरतो. त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर अति दुःख त्याला गिळून टाकेल. आणि चारच वचनांनी सैतानाच्या डावपेचांचा उल्लेख. तिथे माणसाला गिळणारी गोष्ट आहे अति दुःख, आणि त्यावरचा उपाय आहे मंडळीनं धीर देणं. स्वतःवर आणखी कडक पहारा हा उपाय पौलानं सांगितलेला नाही.

खट्याळ_खार
कातापिनोत 'पिनो' म्हणजे पिणे आहे ना? म्हणजे आज्ञा 'पिऊ नका' आणि शत्रू 'पिऊन टाकणारा'. जमलं की नाही?

शंकासुर
हे मात्र आवडलं. आता धातुरूप येऊन फुगा फोडतील.

धातुरूप
फोडतो. योनाला मासा गिळतो तेव्हाही ग्रीक भाषांतरात हाच धातू आहे. त्यात पिण्याचा भाव कोणाला जाणवत नव्हता. कोटी म्हणून उत्तम.

रानवाट
सिंहाचा विषय निघालाच आहे तर. उपदेशांत एक कथा हमखास ऐकू येते : म्हातारा, दात पडलेला सिंह एका बाजूला उभा राहून डरकाळी फोडतो आणि घाबरलेली सावजं पळत पळत दुसऱ्या बाजूच्या तरण्या सिंहिणींच्या तोंडात जातात. तात्पर्य, डरकाळीच्या दिशेनं पळा. मी प्राण्यांवर वाचन करतो, ही कथा खरी धरू नका. सिंह शिकार करताना गप्प असतो, दबा धरतो. डरकाळी असते ती हद्द सांगायला आणि कळपातल्या इतरांशी संपर्क ठेवायला. ती काही किलोमीटरपर्यंत ऐकू जाते.

वाचनवेल
मग पेत्रानं गर्जणारा सिंहच का घेतला?

अर्धविराम
स्तोत्र २२:१३ मधून असावा. 'फाडणारा आणि गर्जणारा सिंह.' ग्रीक भाषांतरात तिथे तोच गर्जण्याचा धातू आहे, एवढं मी शोधलं. त्या स्तोत्रातला माणूस चारी बाजूंनी घेरलेला आहे आणि लोक त्याची टिंगल करताहेत. पेत्राचे वाचकही छळात आणि बदनामीत होते, पत्रभर तेच चाललंय. प्राणिशास्त्रापेक्षा ते स्तोत्र जवळचं.

कानामात्रा
बदनामीवरून आठवलं, 'दियाबोलोस'चा साधा अर्थ चुगलखोर, निंदा करणारा असाच आहे ना? १ तीमथ्य ३:११ मध्ये स्त्रियांनी 'दियाबोलोस' असू नये म्हटलंय. तिथे कोणीही 'सैतान' असं भाषांतर करत नाही.

धातुरूप
बरोबर. आणि त्याच्याआधीचा शब्द 'आंतिदिकोस', आपण 'शत्रू' वाचतो तो, खरं तर खटल्यातला प्रतिपक्ष. नव्या करारात इतर ठिकाणी तो कोर्टकचेरीच्या संदर्भातच येतो : वाटेतच समेट कर म्हणून सांगितलेला वादी (मत्तय ५:२५, लूक १२:५८) आणि विधवेचा प्रतिपक्ष (लूक १८:३). म्हणजे या सिंहाच्या अंगावर वकिलाचा डगला आहे. आरोप करणारा, नाव खराब करणारा. @निवांत, तुमच्या मनात रात्रंदिवस जो खटला चालायचा, त्यात बाजू कोणाची मांडली जात होती याचा विचार करा.

निवांत
हे वाचून बराच वेळ थांबले. याबद्दल सावकाश लिहीन.

जुना_सभासद
असाच धागा पूर्वीही निघाला होता आणि शेवटी उच्चारांवरून भांडण लागून बंद पडला. यावेळी अजून कोणी लॅटिन आणलं नाही ही कृपा.

खट्याळ_खार
बोलावलंत, आलो. लॅटिन परंपरेत रात्री निजण्याआधीच्या प्रार्थनेत, कॉम्प्लिनमध्ये, हेच वचन शतकानुशतकं वाचलं गेलंय. 'शुद्धीत असा, जागे राहा.' आमेन. दिवे घालवा, झोपा.

रात्रपाळी
यात मला विसंगती दिसत नाही. पाळी सोपवताना आपण नेमकं हेच बोलतो. आता तू बघ, मी निजते.

तेलाची_कुपी
प्रेषितांची कृत्ये १२ बघा. दुसऱ्या दिवशी हेरोद राजा तुरुंगातून लोकांपुढे बाहेर काढणार, पेत्र दोन शिपायांच्या मध्ये साखळ्यांनी बांधलेला, आणि झोपलाय! इतका की देवदूताला कुशीत मारून उठवावं लागलं. तिथे कोणी रागावत नाही. गेथशेमानेत, येशूच्या अटकेच्या रात्री, मात्र 'शिमोना, झोपलास काय? घटकाभर जागायची ताकद नव्हती का?' माणूस तोच, झोप तीच, मग एक झोप खटकते आणि दुसरी नाही, असं का?

शंकासुर
पत्र त्याच पेत्राचं आहे की त्याच्या नावानं कोणी लिहिलंय, यावर अभ्यासकांत वाद आहे हे नोंदवून ठेवतो. पण ऐकणाऱ्यांना ते पेत्राचं म्हणून ऐकू येत होतं. आणि त्याच्या तोंडून 'ग्रेगोरेसाते' ऐकताना गेथशेमाने आठवणं साहजिक आहे, तिथेही हाच धातू आहे. एवढं मी मान्य करतो.

कानामात्रा
आपल्याकडे 'रात्र वैऱ्याची आहे, जागा राहा' हे आहेच की. वैरी, रात्र, जागणं, सगळं एका ओळीत. नेफो तेवढा नाही.

दगडी_वेस
पहाऱ्यावरून दोन गोष्टी सांगतो, इतिहासाची आवड म्हणून. मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहात, मिद्दोत १:२ ला, यरुशलेमच्या मंदिरातल्या रात्रपहाऱ्याचं वर्णन आहे. अधिकारी मशाली घेऊन फेरी मारायचा. पहारेकरी झोपलेला सापडला तर त्याला काठीचा प्रसाद, आणि त्याचे कपडे जाळायचीही मुभा. एक रब्बी तिथेच सांगतात, माझ्या मामाला एकदा झोपलेला पकडून त्याचे कपडे जाळले होते! आता प्रकटीकरण १६:१५ वाचा : जो जागा राहतो आणि आपली वस्त्रं सांभाळतो तो धन्य, म्हणजे त्याला उघडं फिरावं लागणार नाही. थेट संबंध असेलच असं नाही, पण वाचताना हसू येतं खरं.

दुसरी सार्दीस या आशिया मायनरमधल्या शहराची. प्रकटीकरण ३:२ मध्ये त्या मंडळीला 'जागृत हो' म्हटलंय, पुन्हा ग्रेगोरेओ. सार्दीसचा किल्ला उंच कड्यावर, कोणी चढणार नाही अशी खात्री. इ.स.पू. ५४६ च्या सुमारास इराणच्या सायरस राजाच्या सैन्यानं तो घेतला तो नेमका त्या बाजूनं जिथे पहाराच नव्हता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, किल्ल्यातल्या एका शिपायाचं शिरस्त्राण खाली पडलं, तो ते आणायला कड्यावरून उतरला आणि परत वर गेला; शत्रूच्या माणसानं ती वाट हेरून ठेवली. पुढे तिसऱ्या अँटायोकस राजाच्या काळातही शहर असंच पडलं.

संपादक
माहिती छान आहे, पण किल्ल्यांसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे मूळ प्रश्नाकडे येऊ.

अर्धविराम
संपादकांचा मान राखून परत येतो. वरचं सगळं वाचून मी १ थेस्सलनीका ५ पुन्हा काढलं. सहाव्या वचनात हीच जोडी आहे, उलट क्रमानं : जागे राहू आणि शुद्धीत राहू. आणि सातव्यात पौल प्रत्येकाची विरुद्ध बाजू वेगवेगळी देतो : झोपणारे रात्री झोपतात आणि झिंगणारे रात्री झिंगतात. म्हणजे पौलाला तरी ही दोन माणसं वेगळी दिसताहेत. पहारेकरी जागा असून झिंगलेला असू शकतो, आणि एक थेंब न घेता घोरत असू शकतो. पहिल्याला शत्रू दिसतो पण तो त्याला मित्र समजतो, किंवा एकाचे दोन दिसतात. दुसऱ्याला काहीच दिसत नाही.

@शंकासुर, यावर काय म्हणाल?

शंकासुर
पौलाची जोडी पेत्राच्या पत्राला लावताय, हा आक्षेप राहतोच. पण दोघांच्याही आधीपासून ख्रिस्ती शिकवणीत ही जोडी रुळलेली असेल, तर ऐकणाऱ्यांना ती एकत्रच ऐकायची सवय असणार. मग वेगळेपण आणि झटका दोन्ही असू शकतं. माझं मत पन्नास टक्के बदललं म्हणा. उरलेलं राखून ठेवतो.

वाचनवेल
मी माझ्या त्या शिकारीच्या वचनाकडे परत गेले, लूक २१:३६. त्याच्या दोन वचनं आधी काय आहे माहीत आहे का? ३४ वं : तुमची अंतःकरणं जड होऊ नयेत, कशानं, तर गुंगी, दारूबाजी आणि 'संसाराच्या चिंता' यांनी. तिन्ही एका ओळीत! दारू न पिणाऱ्या, उपासनेला वेळेवर जाणाऱ्या आम्हा सगळ्यांना वाटतं नेफो आपल्यासाठी नाहीच. इथे तर चिंता थेट दारूच्या शेजारी बसवली आहे.

धातुरूप
@वाचनवेल, हे या धाग्यातलं सगळ्यात कामाचं. ३४ मधला 'चिंता' हा शब्द 'मेरिम्ना'. १ पेत्र ५:७ मध्ये जी चिंता टाकायला सांगितली आहे तीही 'मेरिम्ना'. सातव्यात चिंता टाका, आठव्यात शुद्धीत असा. लूकचं वचन शेजारी ठेवलं की या दोन आज्ञा एकमेकींना लागूनच येतात. पेत्रानं लूकचा मजकूर वाचला होता असं मी म्हणत नाही, विचाराची वाट सारखी आहे इतकंच. सतत धास्तावलेलं मन जागं असतं, पण शुद्धीत नसतं.

पूर्वेकडच्या मठांत पुढे 'नीप्सिस' ही एक साधनाच झाली. १७८२ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या फिलोकालिया या संग्रहाच्या नावातच 'नेप्टिक' (नेफोवरूनच, म्हणजे शुद्धीत राहणारे) पितर आहेत. तिथेही मनात येणारा विचार दारातच ओळखायचा असतो, पण त्याच्याशी हुज्जत घालत बसायचं नसतं.

निवांत
हुज्जत घालायची नसते, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी प्रत्येकाला आत बोलावून जबाब घेत होते.

खट्याळ_खार
चहा देऊन?

निवांत
हो, आणि वर सही घेऊन!

अर्धविराम
पुढच्या बैठकीत मी लूक २१:३४ आणि १ पेत्र ५:७-९ शेजारी शेजारी वाचायला देणार आहे. नववं वचनही घेतो : त्याला विरोध करा, आणि जगभरातले तुमचे बंधू हेच सोसताहेत हे लक्षात ठेवा. सगळी क्रियापदं अनेकवचनी आहेत, हे मराठीतही दिसतं पण आपण एकट्यानं वाचतो.

पाळकीणबाई
इतके दिवस नुसती वाचत होते. अग्रुप्नेओ चारदा येतो म्हणालात, त्यातला एक इब्री १३:१७ मध्ये आहे. पुढारी तुमच्या जिवांसाठी जागतात, त्यांना ते आनंदानं करू द्या, कण्हत नव्हे. आमच्या घरी पाळकसाहेबांचा फोन मध्यरात्री वाजतो तेव्हा मला या वचनाचा शब्दशः अर्थ कळतो. शिकार होते ती आमच्याच झोपेची.

रात्रपाळी
@पाळकीणबाई, मंडळीत आळीपाळीनं फोन घेणारी चार माणसं नेमा. एकानं अख्खी रात्र काढायची नसते.

पाळकीणबाई
ही सूचना वडिलांच्या सभेत मांडते. तुमचं नाव सांगू का?

रात्रपाळी
सांगा, पण सकाळी सांगा.